मदत हवी आहे: कॅन्ससचं सातत्य मोजायचं कसं?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणारं कुणी आहे का इथे? कॅन्सस विद्यापीठाने 2005 ते 2018 असे सलग 14 मोसम बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचं (आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठ संघांच्या गटाचं) विजेतेपद मिळवलं (काही वेळा वाटून). प्रशिक्षक बिल सेल्फच, पोरं मात्र सारखी नवी!

माझं घोडं अडलंय तुलनेपाशी. 2011 पर्यंत कॉन्फरन्समध्ये 12 संघ, प्रत्येकाचे 16 सामने, सगळ्यांशी दोनदा गाठ नाही. पुढच्या मोसमापासून 2018 पर्यंत 10 संघ, 18 सामने, प्रत्येकाशी घरी आणि बाहेर. मग नुसती विजयाची टक्केवारी लावून कसं चालेल? मला बाहेरचे सामने जास्त बोलके वाटतात. ॲलन फील्डहाउसमध्ये, म्हणजे घरच्या मैदानावर, ते हरतात कुठे? शिवाय 2018 च्या मोसमातले 15 विजय पुढे रद्द झाले, ते तक्त्यात धरायचे का? घरचे-बाहेरचे मोसमवार आकडे एकत्र कुठे मिळतील?