अमेरिकेत नवीन असताना देशांतर्गत विमानप्रवास: तुमचं कशावर भागलं?

7 मे 2025 पासून अमेरिकेच्या विमानतळांवर ओळख म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं तर ते रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांनुसार काढलेलं) असणं सक्तीचं झालं. कायदा 2005 चा, पण अंमल व्हायला वीस वर्षं लागली! तेव्हापासून नव्याने आलेल्यांची घालमेल सुरू आहे: लायसन्स अजून हातात नाही, मग विमानात बसू देतील का? नियम टीएसएच्या (विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर आहेतच. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं, ते इथे लिहा.

सुरुवात मी करते. एच-4 वर (नोकरीच्या एच-1 व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आले तेव्हा जवळ फक्त भारतीय पासपोर्ट होता. डॅलसहून सिॲटलला गेले, काही अडलं नाही. मुदतीतला परदेशी पासपोर्ट टीएसएला चालतो. आतल्या व्हिसाची तारीख उलटली होती, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

भटका_विद्यार्थी: डीएमव्हीत (लायसन्स देणाऱ्या कार्यालयात) परीक्षा पास झालो की हातात कागद देतात, खरं कार्ड नंतर पोस्टाने येतं. त्या कागदावर विमानतळावर भागत नाही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात रिअल आयडीची खूण म्हणून चांदणी हवी (कॅलिफोर्नियात अस्वलाच्या पोटात असते, गंमतच). आपल्यासारख्यांचं लायसन्स 'लिमिटेड टर्म' असतं, राहण्याची परवानगी जिथवर तिथवरच. एच-1 ची मुदत वाढली तरी लायसन्स आपोआप वाढत नाही, पुन्हा डीएमव्हीची वारी करावी लागते.

सातारकर_काकू: कागदांपेक्षा नावांनीच जास्त छळलं. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं आणि यांचं नाव, सरनेममध्ये आडनाव. विमान कंपनीने दोन्ही नावं जोडून बोर्डिंग पासवर एकच लांबलचक शब्द छापला. त्याला कुणी हरकत घेतली नाही, तसं सर्रास होतं म्हणे. पण नणंदेचं तिकीट भाच्याने सासरच्या आडनावाने काढलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा! कंपनीला फोन लावला तर प्रत्येक जण पुढच्याकडे टोलवतोय. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट बघून दुरुस्ती केली. लेकीसुनांची तिकिटं काढताना घरातल्या हाकेचं नाव विसरा, पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर टाइप करा. आमच्या ओळखीच्या एकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता, तर व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) आलं. त्यांच्या तिकिटाची कथा ते स्वतःच सांगतील तर बरं.

रेवदंडा: आईबाबा बी-2 वर (पर्यटक व्हिसावर) आले होते. बाबांनी सिक्युरिटीला अभिमानाने आधार कार्ड पुढे केलं. तो माणूस हसला, म्हणाला, पासपोर्ट प्लीज. मी दोघांच्या आय-94 ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट त्यांच्या पर्समध्ये ठेवतेच. टीएसए ती मागत नाही, पण 18 वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा जुना कायदा आहे आणि 2025 पासून त्यावर पुन्हा जोर आलाय. ग्रीन कार्डवाल्यांनीही कार्ड घरच्या लॉकरमध्ये ठेवून फिरू नये. दक्षिण टेक्सासकडे जाणार असाल तर हे जास्तच, तिथे बॉर्डर पेट्रोलवाले विमानतळावरही विचारतात.

कोडवाला: पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असताना मी ईएडीवर (काम करायच्या परवानगीच्या कार्डावर) उडालो. टीएसएच्या यादीत आहे ते. आय-797 (व्हिसाच्या अर्जावर येणारी सरकारी नोटीस) मात्र ओळखपत्र नव्हे, कितीही सरकारी दिसलं तरी.

भटका_विद्यार्थी: आणि काहीच नसेल तर? फेब्रुवारी 2026 पासून 45 डॉलर भरून ओळख पटवायची सोय आहे, पण पटेलच याची हमी नाही. नव्याने आलेल्याची अमेरिकेत नोंद ती किती असणार!

नवी_आई: मुलांचं कुणी लिहिलं नाही. मोठ्यांबरोबर असतील तर 18 च्या आतल्यांना टीएसए ओळखपत्र मागत नाही. मांडीवरच्या बाळाचं वय मात्र विमान कंपनी विचारते, कारण 2 वर्षांनंतर सीट घ्यावी लागते. आमची जरा थोराड आहे, त्यामुळे तिचा जन्मदाखला डायपरच्या बॅगेतच असतो.