‘डेअरी फार्मवर वाढलो’ की ‘गोठ्यात वाढलो’?

मळ्यातला
दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची, पंच्याहत्तरी आहे पुढच्या महिन्यात, त्यानिमित्त घरच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. मी लिहायचं आणि पुण्याच्या भाचीने टाईप करून नीटनेटकं करायचं असं ठरलं. तिने जिथं जिथं ‘गोठा’ होतं तिथं ‘डेअरी फार्म’ करून टाकलं, का तर ‘गोठ्यात वाढलो’ बरं दिसत नाही. काल पहिलं पान दादांना वाचून दाखवलं, ‘आम्ही सगळी भावंडं डेअरी फार्मवर वाढलो’. दादा म्हणाले, "डेअरीवर कोण वाढलं रे? डेअरीवर आपण दूध घालायला जायचो."

बरोबरच आहे त्यांचं. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा, चौदा म्हशी आणि चार गाई. डेअरी म्हणजे गावातली ती खोली जिथं कॅन ओळीनं ठेवलेले असायचे, फॅट लागायची आणि कार्डावर आकडा पडायचा. तर राहतं घर, गोठा, कडब्याची गंज, घासाचे वाफे, या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द आहे का? आणि दुसरं, ‘म्हैस पान्हावली की’ हे खोडून तिने ‘म्हैस दूध द्यायला तयार झाली की’ असं केलंय. म्हणे पान्हा आईला फुटतो, म्हशीला नाही. काय म्हणता?

शुद्धमती
दुग्धशाळा. तयार शब्द आहे, शोधायची गरजच नाही.

मळ्यातला
ताई, दुग्धशाळा म्हटलं की पांढऱ्या टाइल्स आणि स्टीलचे नळ दिसतात हो. त्या शब्दाला शेणाचा वासच नाही.

लोकलमधला
तबेला लिहा की सरळ. आमच्या लहानपणी गोरेगावला सगळे तबेलाच म्हणायचे, मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर काढायच्या म्हणून तर 1949 साली आरे कॉलनी उभी राहिली.

गोदाकाठची
तबेला नको! तो घोड्यांचा. रविवार कारंजावर टांगे असायचे तेव्हा टांगेवाल्यांची घोडी बांधायचे तो तबेला. तुमच्या मुंबईत भय्यांनी म्हशी आणल्या आणि शब्दही आणला, त्याचा आम्हाला का त्रास.

शुद्धमती
तबेला फारसीच्या वाटेनं आला, डेअरी इंग्रजी, फॅट इंग्रजी, कॅन इंग्रजी. दूध तेवढं मराठी राहिलंय का? ‘धवलक्रांती’ किती सुंदर शब्द केला लोकांनी, मग ‘दुग्धशाळा’च का खुपते? नाहीतर ‘गोशाळा’ म्हणा.

सटाण्याची वगार
गोशाळा म्हंजे भाकड जनावरं धर्मादाय सांभाळायची जागा, पांजरपोळासारखी. आमच्या बापाने ऐकलं असतं तर म्हटला असता का आमी काय धर्म करतो का इथं, म्हशीवर कर्ज काढलंय. आणि शाळाच म्हणायची तर म्हशी बघा किती शिकल्यात.

शुद्धमती
विनोद बाजूला ठेवू. ‘गोठा’ म्हणजे फक्त जनावरं बांधायची जागा, घर त्यात येत नाही. शिवाय मूळ ‘गोष्ठ’, म्हणजे गाई जिथं उभ्या राहतात ते. मळ्यातला यांच्या चौदा म्हशी कुठे बसवायच्या त्यात?

मळ्यातला
हा हा. म्हणजे चार गाई गोठ्यात आणि चौदा म्हशी उघड्यावर.

तांबडफुटी
गोष्ठ निघालंच आहे तर सांगतो. संस्कृतात त्याच गोष्ठावरून ‘गोष्ठी’, म्हणजे जमलेली मंडळी आणि त्यांचं बोलणं, आणि आपली ‘गोष्ट’ तिथूनच. म्हणजे ‘गोठ्यातल्या गोष्टी’ म्हणालात तर तो एकच शब्द दोनदा झाला. पुस्तिकेला नाव म्हणून घ्या, फुकट देतो. अजून एक, शब्दांची मुळं सांगणाऱ्या प्राचीन यास्काने ‘दुहिता’ म्हणजे मुलगी या शब्दाच्या ज्या व्युत्पत्त्या दिल्यात त्यात एक ‘दुह्’ म्हणजे धार काढणं यावरून आहे. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘डेअरी’ पण मुळात कामकरी बाईच्या जुन्या शब्दावरून आलाय, ती पीठ मळणारी, पुढं दूधदुभतं बघणारी. दोन्हीकडं बाईच.

लोकलमधला
यास्काने त्याच जागी ‘दूर दिलेली बरी’ अशीही व्युत्पत्ती दिलीय ती सोयीस्कर विसरलात. आणि भाषाशास्त्रवाले धार काढणाऱ्या मुलीची गोष्ट खात्रीची मानत नाहीत.

तांबडफुटी
विसरलो नाही, आवडत नाही म्हणून सोडली. माझी आई सात वर्षांची असल्यापासून धार काढायची. मला पटते ती घेतो.

शरणपूरकर
मी गोठा कधी आतून पाहिला नाही, पण ‘गव्हाणी’ हा शब्द आम्हा ख्रिस्ती पोरांना सगळ्यांच्या आधी माहीत. नाताळात चर्चमध्ये गवत पसरून गव्हाणी करायचो आणि बाळ येशूला त्यात ठेवायचो. एकदा एका आडगावच्या मित्राला आणलं बघायला, तो म्हणाला अरे यात कडबा टाक ना, हे कोण खाईल. मला तोपर्यंत वाटायचं गव्हाणी म्हणजे पाळण्याचा एक प्रकार.

गोदाकाठची
शरणपूरकर, कमाल! आमच्याकडं गव्हाण, तुमच्याकडं गव्हाणी.

मला पान्ह्यावर बोलायचंय, त्याकडं कुणी बघतच नाहीये. भाचीबाईंना सांगा की पान्हा हा शब्द आधी गोठ्यातला आहे, संस्कृत ‘प्रस्नव’ वरून, आणि माणसाच्या आईला तो तिथूनच उसना दिलाय. ज्ञानोबामाउलींचा दाखला बघा, वासराच्या ओढीनं गाय पान्हावते आणि त्या निमित्तानं घरादाराचं दुभतं होतं. आता ‘दूध द्यायला तयार झाली’ हे कसलं मराठी, म्हैस काय फॉर्म भरून सही करते?

आमचं घर ओझरजवळ. आईच्या हातात एकच काळी म्हैस होती, तिसऱ्या वेताची, शिंगं मागं वळलेली. सकाळी रेडकू सोडायचं, ते दोन ढुशा द्यायचं, मग कास हळूहळू ताठायची आणि सड टचटचीत व्हायचे, आणि म्हैस डोळे अर्धे मिटून सरकी चघळत उभी राहायची. तो पान्हा. त्यानंतर चार-पाच मिनिटांत धार उरकायची, गेला की गेला. अंधारात चरवी किती भरली ते आवाजावरून कळायचं, रिकामी असताना धार पत्र्यावर चर्र वाजायची, अर्ध्यावर आली की फेसात नुसती फस्स फस्स. आणि नेमक्या त्या वेळेला कधी ओझरच्या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून मिग उठलं की म्हैस दूध चोरायची! एक थेंब नाही. आई विमानाला अशा शिव्या द्यायची की वैमानिकाला ऐकू गेल्या असतील. आता या ‘दूध चोरली’ला भाचीबाई काय करतील, ‘असहकार केला’?

मळ्यातला
दूध चोरली!! किती वर्षांनी ऐकला हा प्रयोग. आमच्याकडं ‘पान्हा चोरला’ पण म्हणायचे.

कंपाउंडर
जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली म्हणून सांगतो, यात चोरी नाही. रेडकू लुचलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं कास मोकळी होते, ते काही मिनिटंच टिकतं. जनावर दचकलं की ॲड्रेनॅलिन येतं आणि सगळं बंद. लोक मग ऑक्सिटोसिनचंच इंजेक्शन मारतात रोज दोन टाइम, आणि सवय लागली की म्हैस इंजेक्शनशिवाय पान्हावतच नाही. एकाला नको म्हटलं तर तो म्हणाला, डॉक्टर, रेडकू दूध पितं, इंजेक्शन पीत नाही.

सटाण्याची वगार
हे ऐकून अंगावर काटा आला.

शुद्धमती
पान्ह्याचं मान्य, ठेवा. पण ‘गाभण’, ‘व्याली’, ‘भाकड’ हे शब्द वडिलांच्या गौरवाच्या पुस्तिकेत जरा...

सटाण्याची वगार
जरा काय? म्हैस गरोदर असते का मग? आणि तिला डोहाळजेवण घालायचं? म्हैस गाभणच असते, दहा महिने दहा दिवस. आमच्या आत्यांनी तर माझा नवरा बघून आल्यावर सांगितलं होतं, "पोरगा साडेतीन-साडेआठ आहे, घेऊन टाका." ज्यांनी डेअरीला गाईचं दूध घातलंय त्यांना कळेल.

लोकलमधला
नाही कळलं.

मळ्यातला
साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग. पास, पण मलई नाही.

तांबडफुटी
भाकडवरून आठवलं, ‘भाकडकथा’ म्हणजे जिच्यातून दूध निघत नाही ती कथा, माझं पक्कं मत आहे.

लोकलमधला
तुमची सगळीच मतं पक्की असतात. कोशात बघितलं का?

तांबडफुटी
कोश गोठ्यात बसून लिहिलेला नसतो.

गोदाकाठची
झालं सुरू. मूळ प्रश्न राहिला बाजूला. मळ्यातला, माझं ऐका, ‘मळा’च लिहा. नाशिकच्या माणसाला मळा म्हटलं की घर, विहीर, गोठा, कुत्रं सगळं दिसतं.

मळ्यातला
नाशिकच्या दिसतं, पण भाचीला मळा म्हटलं की फक्त द्राक्षं दिसतात. आणि दादा आता वेगळंच म्हणतायत. म्हणे मळा तर सगळ्यांचाच होता, आपल्याला गावात ‘रतीबवाले’ म्हणायचे ते लिही. दूध बाजारापासून पंचवटीपर्यंत बेचाळीस घरं, सायकलला दोन किटल्या, आणि 2003 च्या सिंहस्थात तर दुपारचाही रतीब लागला होता. मी कॅरिअरवर बसून मापं धरायचो, पावलिटर आणि अर्धा लिटर, पावसात मापात पाणी पडलं की गिऱ्हाईक दादांकडं असं बघायचं...

शुद्धमती
रतीब अरबी आहे, सांगून ठेवते.

मळ्यातला
असू द्या ताई, बेचाळीस घरांना चालला तो.

आत्ता भाचीचा मेसेज आलाय, "मामा, एवढा वाद आहे तर ‘फार्महाऊस’ करू का?"

सटाण्याची वगार
आवरा तिला.

शरणपूरकर
जरा अवांतर, खरवसासाठी चीक कुणाकडं मिळेल का? दुकानातला चायना ग्रास घातलेला नको. गंगापूर रोडच्या बाजूला कुणाची म्हैस व्यायला झाली असेल तर सांगा, भांडं घेऊन येतो.