किंमत मोजून शिकलेली एखादी गोष्ट, जी दुसऱ्याला आधीच सांगावीशी वाटते?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी ऐन आषाढात बाबा गेले, हार्ट अटॅक, वय ६३, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. दुःख तर आहेच पण त्यानंतरचे आठ महिने आम्ही जी धावपळ केली त्याबद्दल लिहितोय, कारण ती निम्म्याहून जास्त टळली असती.

घरातलं पैशाचं सगळं बाबाच बघायचे. आईला एवढंच माहीत की "कपाटात आहे". कपाटात तीन पासबुकं, एक एफडीची पावती जुन्या पंचांगात घडी घालून ठेवलेली, विम्याचे हप्ते भरल्याच्या पावत्या आहेत पण मूळ पॉलिसीच सापडेना. मोबाईलला पॅटर्न लॉक, तो कुणालाच माहीत नाही. त्यात भावाने दुसऱ्याच महिन्यात त्यांचं सिम बंद केलं, म्हणाला उगाच रिचार्ज कशाला मारायचा, आणि मग कळलं की बँकेचे, विम्याचे, पेन्शनचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. पंचांगातल्या एफडीला नॉमिनी कोण, तर माझी आजी, जिला जाऊन बारा वर्षं झाली! मग सगळ्या वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र. बहीण मस्कतला, तिची सही तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन करून मागवली.

बाबा निष्काळजी नव्हते हो, उलट फार नीटनेटके. फक्त सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि आम्ही कधी विचारलं नाही.

तर माझा धडा हा, की एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि त्यात कुठलं खातं कुठल्या शाखेत, नॉमिनी कोण, पॉलिसी नंबर, कुणाला किती दिलेत, कुणाचे किती देणं आहे, सगळं लिहा आणि वही कुठे आहे ते घरातल्या निदान दोघांना सांगा. पासवर्ड वहीत नका लिहू, बाकी सगळं लिहा. आणि माणूस गेल्यावर नंबर लगेच बंद करू नका, वारसाच्या नावावर करून घेता येतो.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना. मोठं तत्त्वज्ञान नको, रोजच्या जगण्यातलं, उद्या सकाळी करता येईल असं.

वऱ्हाडची_ताई

भाऊ, वाचून गलबलून आलं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ऑटो चालवायचा, ४१ वर्षांचा, कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. पदरात दोन पोरं. विमा-बिमा काही नाही असंच सगळे धरून होतो. तेराव्यानंतर मी सहज तिला म्हटलं की पासबुकात एंट्री मारून आण. आणली, तर मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कट झालेले आणि त्याच्याच खाली २० रुपये. दोन वर्षांपासून कटत होते. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाखाचा, मरण कशानेही आलं तरी मिळतो (नवीन असला तर पहिले ३० दिवस फक्त अपघाताचं धरतात). २० वाला सुरक्षा विमा, तो फक्त अपघातासाठी. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतली असेल, त्याने घरी सांगितलंच नव्हतं. त्याच शाखेत क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, नॉमिनीचं आधार आणि पासबुक दिलं आणि पैसे तिच्या खात्यात आले. पोरीची दहावी-बारावी त्यावर झाली. ती एंट्री बघितली नसती तर?

म्हणून माझं सांगणं एकच, पासबुक भरून आणा आणि एकेक ओळ वाचा. खात्यात मे अखेरीला तेवढे पैसे ठेवा, नाहीतर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो.

निवृत्त_बँकवाला

वर नॉमिनीचा विषय निघाला म्हणून लिहितो, ३४ वर्षं काउंटरच्या आत बसून हे रोज बघितलंय. लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण त्या पैशावर हक्क कायदेशीर वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा. शेअर आणि म्युच्युअल फंडाबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. दोन भावांपैकी धाकट्याला नॉमिनी केलं म्हणजे सगळं त्याचं झालं, या एका गैरसमजातून भाऊबंद कोर्टात उभे राहिलेले मी पाहिलेत.

तेव्हा नॉमिनी लावाच, पण मृत्युपत्रही करा. त्याला स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत, हे कुणी सांगत नाही पण महत्त्वाचं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून.

आणि घरात एखादं जुनं विसरलेलं खातं असेल तर निराश होऊ नका. दहा वर्षं कुणी हात लावला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, पण हक्क जात नाही, आपल्याच बँकेतून परत मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा.

पाऊसगाणी

सगळं पटतंय पण विचारायचं कसं? माझे वडील ७१ चे आहेत, मागे एकदा नॉमिनीचा विषय काढला तर ते ताटावरून उठले, म्हणाले माझ्या जायची वाट बघताय का. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. परत तोंड उघडायची हिंमत होत नाहीये.

डोंगरपायथा

@पाऊसगाणी ताई, आमच्याकडेही हेच झालं होतं. मी काय केलं, आधी माझेच कागद त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं अण्णा, मी रोज बाईकवर घाट उतरून कामाला जातो, माझं काही बरंवाईट झालं तर हिला आणि पोराला कुठे काय आहे ते तुम्हालाच सांगावं लागेल, म्हणून बघून ठेवा. माझी पॉलिसी, माझं सोसायटीचं कर्ज, सगळं दाखवलं. अण्णा गप्प बसून बघत राहिले. चार दिवसांनी स्वतःच ट्रंक उघडून बसले आणि मला हाक मारली.

आणि त्या ट्रंकेतून जे निघालं ते म्हणजे सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव! आजोबा गेले, चुलत आजोबा गेले, कुणी वारस नोंदच केली नव्हती. एका माणसाचे आता सत्तावीस वारस झालेत, कुणी सुरतेला, कुणी मुंबईत, दोघांचा पत्ताच नाही. विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं ते राहिलंच. ज्यांची शेती आहे त्यांना हात जोडून सांगतो, माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत मृत्यू दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, आता सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर ऑनलाईनही होतो. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात, मग मंडळ अधिकारी फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर करतात. तेव्हा चार नावं असतात, काम सोपं असतं. पिढी उलटली की डोंगर होतो.

अजून एक, बहिणींची नावं लपवू नका. लग्न झालेल्या बहिणीचाही हक्क आहेच. तिला स्वखुशीने सोडायचं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, नुसत्या तोंडी बोलण्याला किंवा साध्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. आमच्या एका आत्याला न विचारता तिचं नाव गाळलं होतं, ती वीस वर्षं रक्षाबंधनाला आली नाही. मागच्या वर्षी नाव लावलं. यंदा आली.

रातराणी

माझं जरा वेगळं आहे, कागदाचं नाही. सासऱ्यांचं रात्री जेवताना तोंड वाकडं झालं, घास बाहेर यायला लागला, बोलणं जड. आम्हाला वाटलं गॅस झाला असेल, थकले असतील, झोपवलं. सकाळी उजवा हात उचलेना. डॉक्टर म्हणाले साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळायचं इंजेक्शन देता आलं असतं (आधी सीटी स्कॅन करून बघतात की रक्तस्राव तर नाही ना). सहा वर्षं झाली, अजून डाव्या हाताने जेवतात. तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोबडं बोलणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघा, १०८ ला फोन लावा आणि सीटी स्कॅन असलेल्याच हॉस्पिटलला न्या. पाणी, गोळी काही तोंडात घालू नका, ठसका लागतो. सकाळची वाट तर बघूच नका.

कृष्णाकाठ

रातराणी ताई, हे मी आत्ताच घरच्या ग्रुपवर टाकलं. वऱ्हाडच्या ताई, तुमचं वाचून बाबांचं पासबुक परत काढलं, तिथे तसली एंट्री नाही, पण आईच्या पासबुकात २० रुपये कटलेले दिसले, तिलाही माहीत नव्हतं.

डोंगरपायथा म्हणतात तसं आज जेवणं झाल्यावर आधी माझी वही आईसमोर ठेवली आणि मग तिची सुरू केली. दीड पान झालं. बँक, गॅसचं कार्ड, लॉकरची चावी. मग म्हणाली लिही, भिशीचे अकरा हजार शेजारच्या काकूंकडे आहेत, आणि दुधवाल्याकडे आपलेच सहाशे जास्त गेलेत. बाबांनी मित्राला दिलेल्या वीस हजारांचंही तिला माहीत होतं. आठ महिन्यांत आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पाऊसगाणी

@डोंगरपायथा दादा, रविवारी माझी फाईल घेऊन माहेरी जातेय. काय होतं ते इथेच लिहीन.