पारी-ब्रेस्त: गोडाच्या पदार्थाला दोन शहरांचं नाव का?

माजघर: सध्या लेकीकडे पॅरिसला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात 'पारी-ब्रेस्त' मिळतं. मेदूवड्यासारखं मधे भोक, पण चांगलं मोठं; वर बदामाचे काप, आत क्रीम. जावई म्हणतात, ब्रेस्तची खासियत असेल. लेक म्हणते, पॅरिस-ब्रेस्त गाडीत विकत असतील. खरं काय?

चेन_उतरली: दोघंही नापास! ते सायकलचं चाक आहे.

पिएर जिफार या पत्रकाराने 1891 मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी शर्यत भरवली. ब्रेस्त हे पार पश्चिम टोकाचं बंदर, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे 1200 किमी. शार्ल तेराँ 71 तास 22 मिनिटांत जिंकला. पुढे असलेला जील-लाव्हाल तिसऱ्या रात्री झोपला, तेवढ्यात हा पठ्ठ्या पुढे सटकला. (झोप आवरणं हीच खरी परीक्षा, पाय नंतर.)

चाक खायला मिळालं ते बऱ्याच नंतर. पॅरिसजवळच्या मेझों-लाफितमधल्या लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्याला जिफारनेच गळ घातली आणि 1910 मध्ये हे कडं तयार झालं. त्यामुळे ब्रेस्तचा यात वाटा एवढाच, की तिथून वळून परत यायचं.

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस (पीबीपी) आजही चार वर्षांतून एकदा होते, पण आता ती शर्यत राहिलेली नाही: बहुतेक जण 90 तासांची मुदत घेतात, नंबर काढत नाहीत. पुण्या-मुंबईचेही जातात. त्याआधी त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किमीच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब सायकल-फेऱ्या, पुऱ्या कराव्या लागतात. माझं घोडं 600 वर अडलंय. रात्री खंबाटकी चढताना सगळे पीबीपी, पीबीपी करत असतात, पण हा पदार्थ चाखलेला एकही नाही!

माजघर: अगंबाई, सायकल! आतलं क्रीम कसलं हो? शेंगदाण्याच्या चिक्कीची आठवण झाली. आणि अंड्याशिवाय जमेल का? विहीणबाईंना चालत नाही.

मैदा_लोणी: जीभ बरोबर आहे तुमची. बदाम-हेझलनट साखरेच्या पाकात परतून बारीक वाटतात, तेच प्रालिने. ते लोणी घातलेल्या कस्टर्डात मिसळतात, म्हणजे अंडं तिथेही आलंच. वरचं कडं शू पेस्ट्रीचं: पाणी, लोणी, मैदा शिजवून त्यात अंडी फेटायची. बेकिंग पावडर नाही, आतल्या वाफेवर फुगतं आणि अंड्यामुळे तो फुगा टिकतो. बिनअंड्याचं मी करून पाहिलं, पार भाकरी झाली. विहीणबाईंना नुसतं प्रालिने पोळीला लावून द्या.

चेन_उतरली: माजघरकाकू, मेझों-लाफितला पॅरिसहून आरईआर ए ही लोकल जाते. जावयांना घेऊन जाच.