मदत हवी आहे: गावातलं सेवा केंद्र, रात्री दीडपर्यंत काम, वेळ कशी बांधायची?

पांदणवाट (धागाकर्ता)

राम राम मंडळी. वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव. सहा एकर वावर, कपाशी आणि तूर. शिवाय बसस्टॉपजवळ सेवा केंद्र. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणींची केवायसी, पॅन कार्ड, लाइटबिल, जे येईल ते. दहा वर्षं झाली. कमाईची तक्रार नाही. शटर सात वाजता पाडतो, पण काम माझ्यासोबत घरी येतं, खिशात बसून.

जेवताना उजव्या हातात घास, डाव्या हातात फोन. परवा उजव्याच हातानं स्क्रीन सरकवली, काचेवर वरण. बायको काही बोलली नाही, ओला फडका आणून ताटाजवळ ठेवला. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो शोधायला गॅलरी उघडली तर आधार कार्ड, पासबुक, रेशन कार्ड, पुन्हा आधार कार्ड. केक काही सापडला नाही.

हे सगळं चालून गेलं असतं. पण जुलैत रात्री पाऊण वाजता विम्याचे अर्ज भरत होतो, आणि गल्लीतल्या एका काकूंचा गट नंबर 47 होता तो मी 74 टाकला. शेवटची तारीख व्हायच्या आत दिसलं म्हणून वाचलो, जुना अर्ज रद्द करून नवा भरला. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबू, झोपत जा." तेव्हापासून डोक्यात आहे. मान आखडते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, बीपी थोडं वर आलंय. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, आधी झोप सुधारा, तीन महिन्यांनी बघू.

आता लगेच म्हणाल फोन बंद ठेव. ते का जमत नाही ते सांगतो. एक तर दोन-तीन साइट दिवसा गोल गोल फिरत राहतात, रात्री अकरानंतर पळतात. दुसरं म्हणजे ओटीपी. बहिणींच्या केवायसीला नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. नवरा दिवसभर वावरात, नाहीतर पुण्याला कंपनीत. तो रात्री मोकळा झाला की मला फोन. ओटीपी मोजून काही मिनिटं चालतो, तेवढ्यात टाकला नाही तर पुन्हा मागवा. आणि सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. बोंडाच्या टोकांनी बायांची बोटं अशी खरचटलेली असतात की मशीनवर अंगठाच येत नाही. मग तेही काम ओटीपीवर. तिसरं, मोटारीची लाइन आठवड्यातून काही दिवस रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री उठणं आलंच.

कामाची वेळ कशी बांधायची? गिऱ्हाईक न तोडता कोणी केलंय का?

खर्रा_सोडला

फोन बंद कर अन झोप. सोपं हाये.

पांदणवाट

भाऊ, वर अख्खा परिच्छेद लिहिलाय त्यावर.

वर्धारोड

नागपुरात आयटीत आहे, आमचंही हेच रडगाणं. मला पोमोडोरोचा फायदा झाला. 25 मिनिटं एकच काम, 5 मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. डोळ्यांसाठी 20-20-20: दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून ती वाळू वाटते. तुम्हाला तर दारातून समोरचं लिंबाचं झाड दिसत असेल, आम्हाला भिंत.

मानेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जननं 2014 मध्ये गणित मांडलं होतं. डोकं सरळ असलं तर साधारण 5 किलो, तेच 60 अंश खाली झुकवून फोन बघितला तर मानेवर 27 किलोच्या आसपास भार. युरियाचं पोतं 45 किलोचं, म्हणजे अर्ध्याहून जास्त पोतं मानेवर. फोन डोळ्यांसमोर येईल असं स्टँड घ्या, स्वस्तात मिळतं.

पांदणवाट

स्टँड घेतो. 25 मिनिटांचं जमणार नाही दादा. माझ्यासमोर माणूस उभा असतो, त्याची परतीची एसटी साडेबाराची असते. त्याला काय सांगू, थांब, माझी सुट्टी चालू आहे?

तिफण

पोमोडोरो काढणारा फ्रान्चेस्को चिरिल्लो. 1980 च्या दशकाच्या शेवटी तो कॉलेजात शिकत होता, अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेऊन बसला. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. त्याच्या टेबलासमोर कोणी सातबारा घेऊन उभं नव्हतं. तेव्हा ते औषध तुमच्या दुखण्याचं नाही.

मी पंचायत समितीत ऑपरेटर होतो, आता स्वतःचं केंद्र आहे, वाशिमकडे. दोन गोष्टी विचारतो.

साइट रात्री बाराला पळते. पहाटे पाचला पळत नाही का? गर्दी तेव्हाही नसते. गावात पाचला सगळे उठलेले असतात, तुम्हीच एकटे सातपर्यंत झोपलेले, कारण झोपता दीडला. रात्रीचे अडीच तास उचलून पहाटे ठेवा. काम तेवढंच. फरक एवढाच की पहाटे डोकं ताजं असतं आणि गट नंबर उलटा पडत नाही.

दुसरं. फोन येतात येतात म्हणता, कशाचे येतात? तीन दिवस वहीत रेघा ओढा. मोबाइलमध्ये नाही, वहीत. मग बोलू.

सेलूवाला

वर्ध्याजवळ राहतो, म्हणून एक सांगतो. सेवाग्रामला गेलात तर बापूंच्या दप्तराच्या झोपडीत टेलिफोन ठेवलेला दिसेल. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला. त्याच जागी साप पकडायचा पिंजराही आहे, मला तर दोन्ही एकाच गटातले वाटतात. फोन दप्तरात, राहायची कुटी वेगळी. आणि सोमवारी मौन, मग देशाचं काहीही चाललेलं असो. तुमचा दुकानाचा फोन दुकानातच का राहत नाही?

भुईमुगाच्या_शेंगा

हे एकट्यानं होत नाही, गावानं ठरवावं लागतं. तुमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीनं 2022 मध्ये ग्रामसभेत मोबाइलबंदीचा ठराव केला होता. सांगलीकडं मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे.

आठ_नंबरचं_रजिस्टर

ताई, बान्सीचा ठराव 18 वर्षांखालच्या पोरांसाठी होता. यांना रात्री फोन करणारे पन्नाशीचे आहेत.

मी आशा सेविका आहे. आमचं काम तुमच्यापेक्षा वाईट, कारण बाळंतपण वेळ विचारून येत नाही. फोन बंद ठेवता येत नाही, म्हणून मी तो गाळून घेते. डू नॉट डिस्टर्ब रात्री साडेनऊ ते पहाटे पाच आपोआप लागेल असं ठेवलंय. माझ्या वाट्याच्या गरोदर बायांचे, त्यांच्या सासवांचे, नर्सबाईंचे आणि गाडीवाल्याचे नंबर स्टार केलेत, तेवढ्यांचीच रिंग वाजते. आणि एक खूण आहे तिथं, तोच माणूस 15 मिनिटांत पुन्हा लावत असेल तर वाजू दे. खरी अडचण असलेला दोनदा लावतोच. "काल तुम्ही ऑनलाइन होता" म्हणणारा दोनदा लावत नाही.

ओटीपीला तास ठरवा. संध्याकाळी सात ते आठ. नवऱ्याला दिवसा निरोप द्यायचा, सातला फोन हातात ठेव. पुण्यातला पोरगासुद्धा ऐकतो, फक्त वेळ सांगावी लागते. आणि पीएम किसानच्या केवायसीला ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय 2023 पासून आहे. तिथं अंगठा नको, ओटीपी नको. वेचणीच्या दिवसांत तेच करा.

आधारचे फोटो गॅलरीत साठवू नका, दादा. ज्या दिवशी फोन चोरीला जाईल त्या दिवशी अख्खं गाव जाईल त्याच्यासोबत.

पांदणवाट

शेवटचं वाचून पोटात गोळा आला. आज रात्रीच... नाही, उद्या पहाटे साफ करतो.

तिफण भाऊ, तीन दिवस रेघा ओढल्या. एकूण 131 फोन आणि मेसेज. त्यातले "झालं का?" 58. "दुकान उघडं आहे का?" 24. ओटीपीचे 19. नवीन काम 12. उरलेले 18 घरचे, नातेवाइकांचे आणि एक लोन देणारी बाई.

मी समजत होतो की ओटीपीनं माझा जीव घेतला. जीव घेतला "झालं का"नं.

तिफण

मग 82 फोन नुसते माहिती विचारायचे. त्यांना तुम्ही लागतच नाही, पाटी लागते. अर्ज घेताना चिठ्ठीवर नंबर द्या. झालेले नंबर संध्याकाळी स्टेटसला टाका. फक्त नंबर, नाव नाही. ज्याला स्टेटस बघता येत नाही त्याच्यासाठी शटरवर खडूनं लिहा. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात दुकानाची वेळ टाकता येते आणि वेळेबाहेर आलेल्याला आपोआप उत्तर जातं. ते उत्तर गोड लिहा, बँकेसारखं नको.

अजून एक, कडू आहे. रात्री अकराला उत्तर देणारा माणूस म्हणून लोकांना सवय कोणी लावली? सुरुवातीला मीही लावली होती. दुसरं केंद्र उघडलं होतं शेजारच्या गावात, वाटायचं गिऱ्हाईक तिकडे पळेल. पळालं नाही. ते पोरगं दाखले हरवायचं.

नांगरट_बाकी

मोटारीचं कोनीच नाही सांगून राहिलं, म्हनून मी सांगतो. ऑटो बसव भाऊ. तिन्ही फेज आल्या का मोटार आपोआप सुरू होते. पन नुसता ऑटो बसवशील तं विहिरीत पानी संपल्यावर मोटार कोरडी फिरन अन जळन. ड्राय रनवालं पॅनल घे. माया चुलत भावानं दोनशे-तीनशे वाचवले अन जळालेली मोटार भरून घ्या लागली, त्याचं बिल इचारू नको. सिमवाला स्टार्टर घेऊ नको तू. मोटार सुरू झाली का मेसेज, बंद झाली का मेसेज. तुया फोनले अजून एक गिऱ्हाईक. पान्याचा दांड अंधारात बदलाचा नाही, संध्याकाळीच पाइपाचे कॉक लावून ठेव. रानडुकरं काही डू नॉट डिस्टर्ब पाहत नाही.

पांदणवाट (21 दिवसांनी)

मंडळी, काय झालं त्याचा हिशेब देतो.

दुकानाचा फोन रात्री आठनंतर दुकानात, ड्रॉवरमध्ये, कुलपात. घरी बटनाचा फोन, नंबर आठ जणांकडे. पहिले चार दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा, तंबाखूचा खर्रा सोडल्यावर जातो तसा. (खर्रा_सोडला भाऊ, तुम्हाला कळेल.) दोघं घरी येऊन ओरडून गेले. एकाचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत झालं, दुसऱ्याचं काम नव्हतंच, त्याला फक्त विचारायचं होतं.

नंबराची चिठ्ठी चालली. स्टेटसपेक्षा शटरवरचा खडू जास्त चालला. दुधाला जाता-येता लोक वाचतात. परवा पुन्हा रेघा ओढल्या, तीन दिवसांत 131 चे 52 झाले. ओटीपीचे मात्र तेवढेच, 20. ते सात ते आठमध्ये येतात हा फरक. दोन दिवस तो तास नऊपर्यंत लांबला, खोटं कशाला सांगू.

गॅलरीतून आधार, पासबुकं काढून टाकली. केक सापडला.

ऑटो बसवलं, ड्राय रनवालं. कॉक लावायला दोनदा विसरलो, एकदा पाणी शेजारच्या तुरीत गेलं. त्यांनी आभार मानले. बीपीचं तीन महिन्यांनी कळेल. मान बरी आहे, पण ते स्टँडमुळे की झोपेमुळे, सांगता येत नाही.

आता नवीन अडचण. पहाटे पाचला शटर उघडून बसतो, साइट खरंच पळतात. पण लोकांना कळलं. गेल्या सोमवारी सव्वापाचला त्या गट नंबरवाल्या काकू आल्या, म्हणाल्या दिवसा वेचणी असते, आत्ताच करून दे. मंगळवारी तिघं. आज सहा जण शेकोटी करून बसले होते दुकानासमोर. ह्याचं काय करू?

तिफण

पाचला शटर उघडता कशाला? खालीच ठेवा, आतून काम करा. आणि गाडी दुकानासमोर लावू नका, मागच्या गल्लीत लावा. लोक शटर बघत नाहीत, गाडी बघतात.

पांदणवाट

गाडी! उद्यापासून पायी जातो.