एकाच बोकडाची कलेजी आन् भेजा, डीएनए एकच, मंग फरक कशानं?

औसा_रोड:
रविवारी मटण आणाया गेलतो, कलेजी आन् भेजा शेजारी शेजारी ठेवलेला, एक काळपट लाल तर एक पांढरा लिबलिबीत, तवापासून डोक्यात हेच चालू हाय की जनावर एक, डीएनए एक, मंग हे येगळं कसं? क्लासात सर म्हणले जीन चालू-बंद होतात, लिहून घ्या. पण बंद करतंय कोण? आन् आत्याला एकजण म्हणायलाय की रक्त द्या, मेंदूतले जीन कसे चाललेत ते सांगतो. लई पैसे मागायलाय. खरं असतंय का?

परभणीची_बायोटेकवाली:
भाऊ, गर्भात कुठल्या पेशीत कुठले ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं) आले त्यावरून वाट ठरती, मग ती टिकवाया डीएनएवर खुणा लागतात. डीएनएच्या अक्षरांत सी नंतर जी असंल तिथं सी ला मिथाइल (एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटतंय, प्रमोटरवर (जीन सुरू व्हायच्या जागी) दाट चिकटलं की जीन बहुतेक गप्प. पेशीच्या दोन पेशी होताना डीएनएमटी१ एन्झाइम जुन्या धाग्यावरची खूण बघून नव्यावर तशीच लावतंय, म्हणून लिव्हरच्या पेशीतून लिव्हरचीच पेशी निघती. हिस्टोन प्रोटीनचंही तसंच, आठ हिस्टोनच्या गोळ्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं गुंडाळलेली असतात, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी, हिस्टोनला असिटिल (दुसरा एक रासायनिक तुकडा) लागलं की ती गुंडाळी सैल पडती. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनचा जीन लिव्हरमधी उघडा, मेंदूत बंद, ते असं.

नांदेडचा_लॅबवाला:
ताईंचं बरोबर हाय, फक्त मिथाइल म्हणजे बंद असं पाठ करू नको, चालू जीनच्या मधल्या भागावर मिथाइल भरपूर असतंय. आन् मेंदूत हायड्रॉक्सीमिथाइल (मिथाइलचंच बदललेलं रूप) लई, २००९ ला न्यूरॉनमधी दिसलं, मिथाइल शोधायच्या नेहमीच्या बायसल्फाइट टेस्टला ते आन् साधं मिथाइल सारखंच दिसतंय.
आत्याला आजच फोन कर. तांबड्या पेशीला केंद्रकच नसतंय, रक्तातून निघतो तो पांढऱ्या पेशींचा डीएनए, खुणाबी त्यांच्याच. नुसता ताप येऊन गेला तरी त्या पेशींचं प्रमाण बदलतंय आन् आकडे हलतात. वयाचा अंदाज लागतो, होर्वाथ नावाच्या शास्त्रज्ञानं २०१३ ला डीएनएवरच्या ३५३ जागांच्या मिथाइलवरून काढला, तो रक्तातबी चालतो आन् मेंदूतबी. पण वय कळणं येगळं आन् मेंदूतला जीन चालू का बंद ते कळणं येगळं.

औसा_रोड:
आत्या नको म्हणली त्याला. मंग मेंदूतलं बघतात कसं?

नांदेडचा_लॅबवाला:
बहुतेक मेल्यावर दान केलेल्या मेंदूतून, नाहीतर ऑपरेशनमधी काढलेल्या तुकड्यातून. २०१५ च्या रोडमॅप एपिजिनोमिक्स प्रकल्पात माणसाच्या १११ प्रकारच्या पेशी-ऊतींमधल्या अशा खुणांचे नकाशे आले, त्यात मेंदूचेबी हायेत, फुकट बघता येतात.