गेममधलं ताटात: करून पाहिलेल्यांचे अनुभव

व्हिडिओ गेममधला पदार्थ म्हणजे बहुतेक वेळा एक छोटं चित्र, एक नाव आणि फार तर तीन-चार जिन्नसांची यादी. प्रमाण नाही, आच किती ते नाही, वेळ नाही. त्यामुळे तो खरोखर करायचा तर आधी ठरवावं लागतं की धरून काय ठेवायचं: चित्र, यादी की नुसती चव. तिन्ही एकदम क्वचितच जमतात.

ज्यांनी असे पदार्थ केलेत त्यांनी इथे कृती लिहावी. कुठला गेम, काय धरून ठेवलं, कुठे बिघडतं आणि का, एवढं हवं. आठवणी राहू देत, ग्रॅम आणि मिनिटं लिहा.

*

अंडरटेल (२०१५) मधला, टोरिएल या पात्राने केलेला बटरस्कॉच-सिनॅमन पाय.

इथे वास धरून ठेवावा. आस्गोर या राजाशी लढताना हा पाय खाल्ला तर त्याच्या वासानेच तो नरमतो, त्याचा हल्ला आणि बचाव दोन्ही उतरतात. म्हणून दालचिनी शेवटी भुरभुरायची नाही, गरम लोण्यात घालायची. तिचा वास स्निग्ध पदार्थात जास्त चांगला उतरतो.

२३ सेंटिमीटरच्या ताटलीसाठी पारी: मैदा १८० ग्रॅम, गार लोणी ११० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, बर्फाचं पाणी ३-४ मोठे चमचे. लाटून ताटलीत बसवून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग वर कागद आणि कडधान्याचं वजन ठेवून १९० अंशांवर २० मिनिटं, वजन काढून आणखी ८-१० मिनिटं. तळ बदामी दिसेपर्यंत थांबाच. पांढुरका राहिला तर ओलं सारण पडल्यावर तो तासाभरात मऊ पडतो.

सारण: लोणी ८५ ग्रॅम, गडद ब्राउन शुगर २०० ग्रॅम, दूध ६०० मिली, कॉर्नफ्लोअर ४५ ग्रॅम, ४ बलक, दालचिनी पूड दीड लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी आणि साखर मध्यम आचेवर ३-४ मिनिटं बुडबुडू द्या, शेवटच्या अर्ध्या मिनिटात दालचिनी घाला. मग कोमट दूध धारेने. दूध गार असेल तर साखर एकदम गोळा होते. ब्राउन शुगरमधली मळी आंबटसर असते, त्यामुळे दूध कधी फुटल्यासारखं दिसतं. सोड्याची अगदी छोटी चिमूट आधीच टाकली की हे टळतं. त्यातलंच थोडं गरम दूध कॉर्नफ्लोअर घोटलेल्या बलकांत घालून मिश्रण परत पातेल्यात ओता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाट झालं की लगेच उतरवू नका. मधोमध बुडबुडे फुटायला लागल्यावरही दीड-दोन मिनिटं ढवळत शिजवा. बलकात स्टार्च तोडणारं विकर असतं आणि ते उकळीनेच निष्क्रिय होतं. नाहीतर रात्री घट्ट ठेवलेला पाय सकाळी पातळ सापडतो आणि दोष कॉर्नफ्लोअरच्या प्रमाणाला दिला जातो. पारीत ओतल्यावर प्लास्टिक थेट पृष्ठभागाला चिकटवा म्हणजे साय धरत नाही. चार तास फ्रिजमध्ये.

*

स्कायरिमचा स्वीटरोल. गेम २०११ चा, पण घरात भट्टी बांधून तो करता येऊ लागला २०१२ च्या हार्थफायर या पुरवणी भागात. तिथली यादी: मैदा, लोणी, अंडं, दूध, मीठ. साखर नाही! यीस्टही नाही. यादी तंतोतंत पाळली तर हाती घट्ट, बेचव गोळा येतो, म्हणून इथे चित्र धरून ठेवावं. मधे भोक असलेला, बाजूला खाचा असलेला छोटा रोल आणि वरून ओघळून थांबलेलं जाड पांढरं आयसिंग.

बरेच जण याचा केक करतात. मला यीस्टचा रोलच बरोबर वाटतो, कारण नावात रोल आहे आणि तो खिशात टाकून नेण्यासारखा हवा, म्हणून तर गेममधल्या पहारेकऱ्यांना तुमचा रोल कुणीतरी चोरून नेल्याची शंका येते. मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध १५० मिली, १ अंडं, मऊ लोणी ६० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम. लोणी सोडून सगळं १० मिनिटं मळा, मग लोणी तीन हप्त्यांत. लोणी आधीच घातलं तर ग्लुटेन नीट जुळत नाही आणि रोल भुसभुशीत होतो. दुप्पट फुगू द्या, खाचांच्या छोट्या साच्यांत निम्म्यापर्यंत भरा, कडेपासून बोटभर खाली येईपर्यंत पुन्हा फुगू द्या. १८० अंशांवर १८-२० मिनिटं.

साच्याला चिकटणं ही खरी डोकेदुखी. नुसतं लोणी लावू नका. त्यातला पाण्याचा आणि दुधाचा अंश खाचांत जळून चिकटतो. तूप किंवा तेल ब्रशने प्रत्येक खाचेत लावून वर मैदा भुरभुरा आणि जास्तीचा झटका. भट्टीतून काढल्यावर पाच मिनिटांनी उलटा करा. तासभर थांबलात तर वाफेने कड ओली होऊन पुन्हा चिकटते.

आयसिंगला पिठीसाखर १५० ग्रॅम आणि दूध फक्त २०-२२ मिली. ३० मिली झालं की ते पारदर्शक होऊन खाली जातं. रोल पूर्ण गार झाल्यावरच ओता.

*

स्कायरिमचाच एल्सवेयर फॉन्ड्यू: एल (बिअरचा एक प्रकार), आयडार चीज आणि मून शुगर (दोन्ही गेममधलीच). चित्राकडे बघायची गरज नाही, यादीच पुरेशी आहे.

वितळणारं चीज ३०० ग्रॅम आणि निळ्या बुरशीचं १०० ग्रॅम, किसून १० ग्रॅम कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. एल २०० मिली गरम करा, उकळू नका, त्यात लिंबाचा रस एक चमचा. मग मूठ-मूठ चीज, आधीचं विरघळल्यावर पुढचं. उकळी आली की प्रथिनं आकसतात, तूप सुटतं आणि तळाला रबरी गोळा बसतो. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जास्त असलेली कडवट एल घेऊ नका, आटल्यावर कडूपणाच उरतो. माल्टची, कमी कडू एल हवी. मून शुगरच्या जागी ब्राउन शुगर एक लहान चमचा. ती गोडीसाठी नाही, एलचा कडूपणा बसवायला.

*

माइनक्राफ्टचा केक. यादी: ३ बादल्या दूध, २ साखर, १ अंडं, ३ गहू. ही यादी विसरून जा, तिच्यातून लापशी होते. इथे माप धरून ठेवायचं, कारण माइनक्राफ्टमध्ये माप हीच ओळख आहे.

गेममधला केक १४ बाय १४ पिक्सेल आणि ८ पिक्सेल उंच आहे, पूर्ण ठोकळा नव्हे. एक पिक्सेल दीड सेंटिमीटर धरला तर केक २१ बाय २१ आणि उंची १२ सेंटिमीटर येते. गेममध्ये तो सात वेळा खाता येतो, दर वेळी २ पिक्सेल रुंदीची पट्टी जाते. म्हणजे कापताना तीन-तीन सेंटिमीटरच्या सात सरळ पट्ट्या, एका बाजूने सुरुवात करून. त्रिकोणी तुकडा कापला की सगळी मेहनत वाया.

१२ सेंटिमीटर उंची एका भांड्यात भाजू नका, कडा करपेपर्यंत मध्य कच्चा राहतो. २३ सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात चार सेंटिमीटरचे तीन थर वेगवेगळे भाजा. पूर्ण गार झाल्यावर वरचे फुगवटे सुरीने सपाट करा, एकावर एक रचा, मग कडा २१ वर छाटा. आधी छाटून मग रचलं तर थर सरकतात आणि कोपरे जुळत नाहीत.

पांढरा थर लोण्याचा केला तर पिवळट दिसतो. लोणी आठ-दहा मिनिटं फेटलं की बरंच पांढरं होतं. त्यात जांभळ्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका घातला की उरलेली पिवळी झाक मारली जाते. वरचे लाल चौकोन फॉन्डंटचे (साखरेच्या लाटता येणाऱ्या गोळ्याचे), दीड सेंटिमीटरचे. ते आदल्या दिवशी कापून उघड्यावर सुकवा आणि वाढायच्या तासभर आधीच बसवा. ओल्या क्रीमवर रात्रभर राहिले तर लाल रंग पसरून कडा गुलाबी होतात, आणि पिक्सेलला धूसर कड चालत नाही.

*

फॉलआउट ३ (२००८) मधलं न्यूका-कोला क्वांटम हे चमकणारं पेय. गेममध्ये ती निळी चमक किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमची, आपल्याकडे क्विनाइनची. टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन हे कडू द्रव्य अतिनील प्रकाशात निळं चमकतं, रंग घालायची गरजच नाही.

२०० मिली थंडगार टॉनिक वॉटर, साखरेचा पाक २० मिली, सायट्रिक ॲसिड पाव लहान चमचा. आंबटपणाने चमक टिकते. लिंबाचा रस घातला तर गाळूनच, गढूळ पेयात प्रकाश फिका पसरतो. मीठ चिमूटभरही नको: क्लोराइडमुळे क्विनाइनची चमक विझते, आणि हे फारच थोड्यांना माहीत असतं. ग्लासच्या कडेला मीठ लावायची हौस इथे मारकच. खाण्याचा निळा रंग घालायचाच असेल तर एक थेंब. जास्त झाला की प्रकाश आतच मुरतो. बर्फही टॉनिक वॉटरचाच करा, साध्या बर्फाने पेय पातळ होऊन चमक उतरते.

अतिनील दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्तातले जांभळे दिवे ३९५ च्या आसपासचे असतात, त्यात पेय चमकण्यापेक्षा दिव्याचा जांभळा रंगच जास्त दिसतो. दिवा मागून किंवा खालून लावा, कुणाच्या डोळ्यांवर येऊ देऊ नका. गरोदर बायकांना आणि ज्यांना क्विनाइन चालत नाही त्यांना हे पेय देऊ नये.

*

स्टारड्यू व्हॅलीचे (२०१६) दोन.

पार्सनिप सूप: पार्सनिप (गाजरासारखा पांढरट कंद), दूध, व्हिनेगर. यादी वाचूनच कळतं की दूध फाटणार. तरी ती पाळता येते, फक्त क्रम महत्त्वाचा. पार्सनिप ५०० ग्रॅम, मोठे असतील तर मधला लाकडी दांडा काढून, २०० अंशांवर ३० मिनिटं भाजा. ४०० मिली पाण्यात १० मिनिटं उकळून एकजीव वाटा. ३०० मिली सायीचं दूध कोमट करून मिसळा, मीठ घाला, गरम करून गॅस बंद. मग ढवळत ढवळत व्हिनेगर दोन लहान चमचे, थेंब-थेंब. कंदातला स्टार्च आणि सायीचा स्निग्धांश दुधाच्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. परत उकळलं तर मात्र कशानेच वाचत नाही. साय काढलेलं दूध लवकर फाटतं.

पिंक केक: मेलन, मैदा, साखर, अंडं. यादीत लोणी नाही, बेकिंग पावडर नाही, म्हणजे अंड्यांच्या फेसावरचा स्पंजच झाला. ही यादी खरंच चालते. ४ अंडी आणि १२० ग्रॅम साखर, रिबीन पडेपर्यंत (उचलल्यावर मिश्रण फितीसारखं पडेपर्यंत) फेटा, १२० ग्रॅम मैदा तीनदा चाळून हलक्या हाताने. २० सेंटिमीटरच्या भांड्यात १७५ अंशांवर २५-२८ मिनिटं.

गेममधलं मेलन गुलाबी दिसतं, म्हणून मी कलिंगडच घेते. ७०० मिली रस पसरट कढईत मंद आचेवर १०० मिलीपर्यंत आटवा. मोठ्या आचेवर रंग विटकरी होतो आणि चव शिजलेल्या भोपळ्याकडे झुकते. यातले दोनच मोठे चमचे पिठात, उरलेला पाक आयसिंगमध्ये. जास्त रसाने फेस बसतो. पीठ गुलाबी करायच्या मागे लागू नका: बलकाच्या पिवळ्यात मिसळून ते नारिंगी होतं, आणि बीटाचा रस घातला तर भट्टीत तपकिरी पडतो. गुलाबी रंग आयसिंगमध्येच राहू द्या, चित्रातही तो तिथेच आहे.

त्याच गेमच्या फ्राइड मशरूममध्ये मोरेल लागतं. मोरेल कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं विषारी असतं. चिरून आतली माती धुवून पूर्ण शिजवा, आणि रानातून स्वतः वेचून तर मुळीच नको.

*

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७): सामन म्युनिएर. सामन मासा, तबांथा (गेममधला एक प्रदेश) गहू, बकरीच्या दुधाचं लोणी. ही खऱ्या फ्रेंच पदार्थाचीच यादी आहे. सामनचे तुकडे पाच टक्के मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, त्याने शिजताना वर येणारा पांढरा थर कमी होतो. मग अगदी कोरडे पुसा. मैदा तव्यावर टाकायच्या क्षणीच लावा, आधी लावला तर ओलावून चिकट होतो. आधी तेलात कातडीकडून ४ मिनिटं, उलटून दोन. मासा काढा, तवा पुसा, मग ४० ग्रॅम लोणी. लोण्यातच सुरुवात केली तर मासा शिजेपर्यंत ते काळं होतं. बकरीच्या लोण्यात पिवळेपणा नसल्याने ते बदामी होताना स्पष्ट दिसतं. सुकामेव्यासारखा वास आला की लिंबू पिळून लगेच ओता.

*

मॉन्स्टर हंटरचं हाडावरचं मांस. गेममध्ये ते शेगडीवर फिरवायचं, लवकर काढलं तर कच्चं, उशीर झाला तर करपलेलं. खऱ्या शेगडीवरही नेमकं तेच होतं, कारण आकार जाड आहे.

चित्रातल्यासारखं दोन्हीकडे हाड बाहेर आलेलं मांस खाटकाकडे सहसा मिळत नाही, ते बांधावं लागतं. स्वच्छ उकळलेलं लांब हाड, ७०० ग्रॅम गार खिमा, १० ग्रॅम मीठ, १ अंडं, ४० ग्रॅम ब्रेडचा चुरा. मीठ घालून खिमा चिकट, तार धरेपर्यंत मळा. इथे कंटाळा केला तर फिरवताना हाडावरून गळून पडतो. हाड पुसून मैद्यात घोळवा, ओल्या हाडाला खिमा धरत नाही. गच्च लपेटून वरून पातळ मांसाचे काप गुंडाळा, दोरीने बांधा, दोन तास फ्रिजमध्ये. बाहेरचे काप दिसायला एकसंध मांसासारखे आणि आतल्या खिम्याला आधार.

आधी ओव्हनमध्ये १६० अंशांवर साधारण ५० मिनिटं, मग निखाऱ्यावर फिरवत रंग. उलट केलं तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं. थर्मामीटर हाडाला न टेकवता मांसात खुपसा: खिमा ७१ अंश, कोंबडीचा असेल तर ७४. दहा मिनिटं मुरू द्या, मग दोरी कापा.